शाळेच्या बीमखाली

माझं गाव निपाणीकडचं, बॉर्डरवरचं, घरात मराठी आणि बाजारात कन्नड असलं गाव. बाप गवंडी, आजा पण गवंडी, त्यामुळं थापी कधी हातात धरली ते मला आठवत न्हाई. शाळा सहावीपर्यंत झाली, ती पण मराठी. कन्नड मी फाडफाड बोलतो ताई, पण वाचायला दिलं की माझं डोकं गरगरतं, आणि इंग्रजीचं तर नावच काढू नका. कागद म्हटला की मला आधीपासनं भ्या. काय सांगू तुमास्नी, भिंतीवर तिसऱ्या मजल्याला नुसत्या फळीवर उभा ऱ्हाईन, पण साहेबाच्या टेबलासमोर उभं केलं की पाय लटपटत्यात.

लगीन झाल्यावर बेंगळूरला आलो. बायको शेवंता, ती पण माझ्यासंगं कामावर, मी बांधायचा आणि ती घमेली उचलायची. जिथं काम तिथंच पत्र्याची खोली. जयनगरात एक मोठे कंत्राटदार व्हते, त्यास्नी आम्ही सगळी धनी म्हणायचो. त्यांच्या हाताखाली मी मेस्त्री झालो. त्या मानसानं मला नकाशा वाचायला शिकवला हे मी कधी नाकारणार न्हाई, पुढं काय झालं ते झालं तरी. नव्वदनंतर तर बघा, जिकडं जावं तिकडं पाया खणायलेत, वाळूच्या लाऱ्या, सळ्यांचे ढीग, आणि ज्याला त्याला मेस्त्री पायजे.

तर एक दिवस धनी म्हणाले, आता ही बारकी सरकारी कामं मी सोडणार, तू तुझ्या नावानं लायसन काढ, चौथ्या वर्गाचं मिळतंय. मी म्हटलं, अण्णा मला वाचता येत न्हाई. ते म्हणाले, वाचायला कारकून हाय, तुला बांधता येतंय न्हवं, सरी, म्हणजे ठीक हाय मग. एक काम केलेलं दाखवावं लागतं म्हणाले, देवनहळ्ळीच्या पलीकडची शाळा तूच बांधलीस, मी तसं लिहून देतो, इंजिनिअर मॅडम येऊन शाळा बघतील आणि सही करतील.

शाळेचं नाव काढल्याबरोबर मला तिथला बीम आठवला.

का म्हणाल तर ऐका. दोन खोल्यांची शाळा ती, तीन वर्सं झाली व्हती बांधून. दुसऱ्या खोलीच्या मधल्या बीमचं सेंट्रिंग, म्हणजे खालच्या फळ्या आणि टेकू, काढलं त्या दिवशी मी बघितलं, बीमच्या खालच्या अंगाला काँक्रीटचा माल बसलाच न्हवता. खडी उघडी, मधी पोकळ, माझी चार बोटं आत गेली आणि सळईला लागली. भरताना घाई झालेली, माल नीट ठोकला न्हवता. मी धन्यास्नी दाखवलं. ते म्हणाले, उद्या साहेब येणार, लिंपून टाक. मी म्हटलं, अण्णा फोडून परत भरूया. त्यांनी थापी माझ्या हातात दिली. मग मी लिंपलं. काय सांगू ताई, असं लिंपलं, असं घोटलं, की दुसऱ्या दिवशी मला स्वतःला जागा सापडंना. शेवंता खाली घमेलं घेऊन उभी व्हती, तिनं सगळं बघितलं.

लायसनचा अर्ज तर गेला. कारकुनानं भरला, मी सही केली मराठीत. आणि त्या दिवसापासनं मला जेवण जाईना. शेवटी न ऱ्हावून एकटाच बसनं देवनहळ्ळीला गेलो, तिथनं पुढं चालत. शाळा भरलेली. शाळेच्या बाई मला वळखत व्हत्या, त्यांनी ताक दिलं, म्हणाल्या, मेस्त्री, काम चांगलं केलासा, एक थेंब गळत न्हाई. मी हो हो म्हणत वर बघायलो. बीमला त्याच जागी केसासारखी चीर, आणि चिरेतनं तांबूस ओघळ खाली आलेला. गंज. त्याच्या बरोबर खाली दुसरीच्या पोरी मांडी घालून बसलेल्या, एक तर आडवी होऊन लिहायली व्हती.  ताकाचं भांडं तसंच ठेवलं आणि निघालो.

घरी येऊन शेवंताला सांगितलं. ती म्हणाली, मॅडम बघायला येतील तवा त्यास्नी सांगा. मी म्हटलं, तुला कळतंय का, लायसन तर जाईल, वर पोलीस मला नेतील, धनी काम देणार न्हाईत, खायचं काय. ती भाकरी थापत व्हती. थापायची थांबली न्हाई. म्हणाली, त्या मालाची घमेली मीबी उचललेली हायत. मी येते तुमच्यासंगं.

मग मॅडम यायच्या दिवसापर्यंत मी कसा ऱ्हाईलो ते मलाच ठाऊक. एक मन म्हणायचं गप ऱ्हा, तीन वर्सं टिकलंय. रस्त्यानं खाकी शर्ट दिसला की मी गल्लीत वळायचा, आणि अजून तर कुणाला काय सांगितलं पण न्हवतं.

मॅडम जीपनं आल्या. तरण्याच व्हत्या, धारवाडकडच्या, कमी बोलायच्या. धनी पण आपल्या स्कूटरवरनं आलेले. शेवंता बाहेर पायरीजवळ उभी. मॅडमनी टेपनं खोल्या मोजल्या, भिंतीला वळंबा लावून बघितला, खिडक्या बघितल्या. दुसऱ्या खोलीत आल्या, वर नजर टाकली. ती चीर त्यास्नी दिसली का न्हाई मला सांगता येत न्हाई. सरी म्हणाल्या, आणि पेन काढलं. बाईंच्या टेबलावर कागद ठेवला. धनी दारात उभं राहून माझ्याकडं बघायलेत. पोरी पाढे म्हणायच्या थांबून आमच्याकडं बघायल्या. माझ्या तोंडाला कोरड पडली, जीभ उचलंना. तोंडानं सांगायला जमणार न्हाई हे मला कळलं. मग मी काय केलं, पिशवीतला हातोडा काढला, बाईंच्या खुर्चीवर चढलो आणि बीमवर हळू हळू टोले द्यायला लागलो. टण, टण, टण असं वाजत आलं आणि त्या जागी आलो तसं नुसतं ढब वाजलं. मॅडमनी मान वर केली. तवा माझं तोंड उघडलं. मॅडम, हितं आत पोकळ हाय, मीच लिंपलंय.

एवढंच बोललो. खुर्चीवरनं उतरता येईना मला. शेवंता आत आली आणि तिनं हात धरून उतरवलं.

मॅडम रागावल्या न्हाईत, आणि शाबासबी म्हणाल्या न्हाईत. पहिल्यांदा बाईस्नी म्हणाल्या, मुलांना बाहेर न्या, आत्ता. पोरी पाटी-दप्तर घेऊन झाडाखाली गेल्या. दुपारच्या आत गावातनं बांबू आणि वासे आणून आम्ही बीमला टेकू लावले, मी, शेवंता आणि गावचे चौघं. मग मॅडमच्या देखत मी माझाच गिलावा फोडला. आतल्या सळया गंजून पापुद्रे सुटलेले, बोटानं ओढलं की हातात यायचे. मॅडमनी एक पापुद्रा कागदात गुंडाळून घेतला. धनी कवा निघून गेले कळलंच न्हाई. मॅडम मला म्हणाल्या, तुमचा अर्ज मी परत पाठवते, यावर सही करता येणार न्हाई. मी मान हलवली. खरं सांगतो, मला वाईटबी वाटलं. रडू आलं मला.

पुढं ऑफिसात बोलवून जबाब घेतला. मी बोललो, कारकुनानं कन्नडात लिहिलं, वाचून दाखवलं, मी खाली मराठीत सही केली. पोलीस येणार, येणार म्हणून सहा महिने मी दारात पावलं वाजली की उठून उभा ऱ्हायचा. कुणी आलं न्हाई. खात्यानं धन्यांच्या खर्चानं बीम परत करून घेतला आणि ते काम मॅडमनी मलाच करायला लावलं. लोखंड घासलं, सगळं भरलं, माल ठोकून ठोकून बसवला. पण धन्यांनी सगळीकडं सांगितलं, हा माणूस चहाड्या करतो. जयनगरात मला कोण उभं करंना. मेस्त्री व्हतो तो परत रोजावर गवंडी झालो, लांब लांब, जिथं मला कोण वळखत न्हाई तिथं.

दोन वर्सांनी शेवंतानंच परत काढलं, अर्ज करा म्हणून. तोवर एका लांबच्या कंत्राटदाराच्या हाताखाली एक अंगणवाडी मी पायापासनं बांधली व्हती, तीच माझं काम म्हणून दाखवली. मॅडमची बदली झालेली. नवीन साहेबांच्या टेबलावर माझी जुनी फाइल, माझी मराठी सही मला लांबनंच दिसली. झालं, म्हटलं, आता हाकलणार. साहेब बराच वेळ वाचत बसले. मग कन्नडात विचारलं, तो बीमवाला तूच काय. मी म्हटलं, हौदु सर, व्हय. ते म्हणाले, आता बीमखालचे टेकू किती दिवसांनी काढतोस. मी म्हटलं, एकवीस. ते म्हणाले, शाळेच्या तसल्या लहान बीमला नियमात चौदा हायत. मी म्हटलं, ठाऊक हाय सर, पण मला भ्या वाटतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि सही केली. तेवढंच.

लायसन घरात भिंतीला लावलंय, वर कन्नडात काय लिहिलंय ते शेवंता शेजारणीकडनं वाचून घेते अधनंमधनं. धनी बाजारात दिसले तर रस्ता वलांडून पलीकडं जात्यात. जाऊ देत, त्यांचं पण नुकसान झालंच की. देव त्यास्नी सुखात ठेवो. भ्या म्हणाल तर ते काय लायसन मिळून गेलं न्हाई. दर स्लॅबला तोंडाला तीच कोरड. आता मी म्हणतो, असू दे, माझ्यासंगं कामावर येतंय तर येऊ दे.

पुढच्या सोमवारी एचएसआर लेआउटकडं एका घराचं सेंट्रिंग काढायचं हाय, या तुम्ही बघायला. पण आल्या आल्या आत जाऊ नका ताई, बाहेर शेवंताजवळ थांबा. आधी मी एकटा स्लॅबखाली उभा ऱ्हातो, मग बोलावतो.