पोपटांचा डबा

हॅलो?… हो, ताईच बोलतेय. बोल चिंगे… अगं, हळूच बोलावं लागतंय. वॉर्डाच्या दारात उभी आहे, बाबांची कॉट अगदी दाराला लागून. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.

नाही ना… ताप हटत नाही. हो, लघवीचा रिपोर्ट आला, अर्धा. जंतू गोळ्यांना दादच देत नाहीयेत… अगं, नेहमीच्या कुठल्याच गोळीला नाही. आता सलाईनमधून दुसरं औषध द्यायचंय.

तेच सांगतेय, ऐक ना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'आजोबा, याआधी अँटिबायोटिक कोणती घेतलीत? किती वेळा?' तर बाबा म्हणतात कसे… 'मी जन्मात गोळीला शिवलो नाही.'

हस, हस. मीही ओठ चावूनच उभी होते.

हो ना… पोपट. अर्धी हिरवी, अर्धी लाल कॅप्सूल. सर्दी झाली, द्या पोपट. दाढ दुखली, द्या पोपट. तुझा गाण्याच्या स्पर्धेआधी घसा बसला होता तेव्हासुद्धा… हो, हो, केळ्यात खुपसून. आणि जरा बरं वाटलं की उरलेले पोपट परत आईच्या डब्यात, पुढच्या आजाऱ्यासाठी… 'चांगलं औषध वाया घालवू नये.' अगं, अगदी तिच्यासारखी बोललीस.

आणि मग पोट बिघडायचं. की लगेच ताक. सगळं घर संडासापुढे रांगेत, आणि बाबा आत पेपर घेऊन बसलेले…

काय सुख होतं गं त्या आजारपणात. शाळा नाही, अभ्यास नाही. आई कपाळावर हात ठेवायची, त्याला कांद्याचा वास यायचा. मला अजून ताप आला की आधी तो वास आठवतो… तुलाही? कधी बोलली नाहीस.

हं… हो, पोटाचंच सांगत होते. बाई म्हणाल्या, ही गोळी आतड्यातले चांगले जंतूही मारते. म्हणजे बघ, गुंडांना हाकलायला अख्खी इमारत रिकामी केली, तर घरंदाज माणसं आधी जाणार. चिवट गुंड तेवढे मागे राहणार आणि रिकाम्या खोल्या बळकावणार. पुढे तेच लघवीच्या मार्गात शिरतात. पोपटागणिक ते आणखी निर्ढावतात.

थोडक्यात काय, आपलाच पोपट झाला.

नाही गं… आईला कोण बोल लावतंय?… चिंगे, मी तसं म्हटलं नाही. बाईही नाही म्हणाल्या. नक्की कशाने झालं ते सांगता येत नाही, म्हणाल्या. पण पूर्ण रिपोर्ट येईपर्यंत कुठलं औषध चालवायचं, ते ठरवायला अलीकडे काय घेतलंय ते कळायला हवं.

काय?… गेल्या महिन्यात? खोकल्यावर पोपट? तू दिलास?… बाबांनी स्वतःच काढून घेतला. वा.

मग हे मला आत्ता सांगतेस?… काय म्हणाले?… तुला फोन करून? डबा लपवून ठेव म्हणाले? कमाल आहे या माणसाची. आणि तू 'बरं' म्हणालीस?

अगं, कळतंय मला. परक्या माणसापुढे आईचं नाव नको यायला त्यांना. 'बायकोनेच भलतं औषध दिलं' असं कुणी म्हणायला नको. मी तोंड उघडणार तर डोळे वटारले माझ्यावर.

शपथ घातली म्हणून काय… चिंगे, ऐक. आईचं नाव राखायचं आणि बाबांना घालवायचं, चालेल तुला?

… बोलले मी. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

नाही, रागावले नाहीये. अगं, मलाही ती तितकीच हवी आहे. तिला जे ठाऊक होतं ते तिने केलं, जीव ओतून केलं. आज असती ना, तर तीच डबा काखोटीला मारून बाईंपुढे उभी राहिली असती. पदर खोचून. 'बघा हो, यातलं काय काय दिलंय मी.' लाजली नसती.

हो… आहे तसाच आण. काही काढू नकोस, पुसू नकोस. पाकिटांवर नावं असतील… सुट्ट्या असल्या तरी आण.

बाबांना? मी बघते काय सांगायचं ते. तू फक्त…

थांब जरा… हो बाबा. नाही, कुणी नाही, चिंगीच आहे… कधीपासून जागे आहात?… सगळंच?

…

हं. हो. सांगते तिला.

चिंगे… बाबा म्हणतायत, डबा आण. आणि झाकण घट्ट लाव म्हणे, आईला अर्धवट लावलेलं झाकण चालायचं नाही.

… आहेस ना तू? अगं, रड, पण निघ आता. ठेवते.