ओल्या बोटाचा पीळ

आर्वीच्या एसटी स्टँडवर रूपरावांनी पेपर नुसताच धरला होता. कान मागच्या बाकावरच्या मायलेकींकडे होते.

“हा काळा धागा कार्बनचा आहे, आई. जाळीच्या कागदाची सुरळी करावी, तशा नळ्या. केसाहून हजारोपट बारीक, पण वजनाच्या मानानं पोलादाहून बळकट.”

“मंग तू फोनवर सांगे तसा तुटून काऊन राह्यला होता व?”

“नळ्या सुट्या सुट्या राहत होत्या. मंग तू आठवली. सूतगिरणीत तुटलेला धागा तू बोट ओलं करून पिळायची. मी स्पिरिटचा थेंब लावून पीळ दिला. घट्ट बसला!”

“अवं माय!”

“पुस्तकात हे होतंच. पण मले तुह्या बोटानं आधी शिकवलं. लॅबमधल्या सरांले तसंच सांगतलं.”

“थुंकीचं नाई ना सांगतलं?”

“तेच तं पहिले सांगतलं.”