फुटक्या गॅस्केटची गॅरंटी

आमच्या जीपचं तुमाला सांगितलंच न्हाई बघा. मी रोज सकाळी नेकनूरहून बीडला सीटा नेतो. इंजिनाजवळचं मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं होतं, त्यामुळं जीप ट्रॅक्टरावाणी भडभडायची. लाज वाटायला लागली, म्हणून बीडच्या मिस्त्रीकडून नवं बसवून घेतलं. गाडी अशी गप, की चालू हाय का बंद तेच कळंना.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर चिटपाखरू न्हाई. हॉर्न वाजवला, पण तो तर सगळेच वाजवतात. रिकामाच बीडला गेलतो. परत आलो तर शेजारचे काका अंगावरच आले, "कावून आला न्हाईस बे? माझी कोर्टाची तारीख बुडाली!"

"आलतो की, काका!"

"आमी तुझी भडभड ऐकून घरातून निघतो. आवाज न्हाई, म्हंजी तू आलाच न्हाईस. फुटकं बसव, न्हाईतर आमी दुसरी जीप धरतो."

गेलो मिस्त्रीकडं. त्यानं भंगारातून जुनं गॅस्केट हुडकून बसवलं. जीप भडभडली, तवा जिवात जीव आला. तरी घोर होताच. विचारलं, "पुन्हा नीट तर होणार न्हाई ना?"

मिस्त्रीला रागच आला. "माझ्या हातचं काम हाय बे! नीट झालं, तर फुकट बिघडवून देतो."