घड्याळजींची ताई

नाही मास्तर, ताई मरणार नाही. प्रकाशकांना तसं स्पष्ट सांगा. चौदा पुस्तकं मी लिहिली, पंधरावं तुम्ही लिहा, त्यापुढचीही लिहा, कागदावर सही करायला मी एका पायावर तयार आहे – पण पंधराव्यात ताईचा खून आणि मुखपृष्ठावर तिचं चित्र, हे काही जमायचं नाही. बसा, त्या स्टुलावर नको, ओला रंग आहे त्याला. इकडे बसा. तुम्ही शाळेत शिकवता, मी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, तरी एक गोष्ट मला दुकानानं शिकवली. माणूस भिंतीचा रंग घेऊन जातो, सहा महिन्यांनी परत येतो, म्हणतो तोच द्या. तोच म्हणजे कुठला? डब्यावरचा नंबर तोच, पण त्याची भिंत तोवर उन्हानं उतरलेली असते, तोच रंग मारला तर ठिगळ दिसतं. म्हणून मी आधी भिंत बघायला जातो. पुस्तकातली माणसं तशीच. आपला गुन्हे उकलणारा घड्याळजी पहिल्या पुस्तकात घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला भिंग लावून पुटपुटतो, तर चौदाव्यातही पुटपुटलाच पाहिजे, नाहीतर वाचक म्हणेल हा कोण नवा? पण चौदा पुस्तकांत तो थोडा उतरलाही पाहिजे. लोक खुनासाठी एकदा येतात हो, पुन्हा येतात ते माणसांसाठी.

आमची पद्धत सांगतो, घ्या लिहून. मी इथे गल्ल्यावर बसून एकच वाक्य मोठ्यानं वाचायचो, कोणाचं ते सांगायचं नाही. आमची ही वर, स्वयंपाकघरात. तिथून ओरडायची – घड्याळजी! नाहीतर, इन्स्पेक्टर! ओळखलं तर वाक्य राहिलं. आणि ‘अहो, हे तर तुम्हीच बोलताय,’ असं म्हणाली की फाडून टाकायचं. एकदा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, मी वाचलं, ‘प्रेत कुठे ठेवलंय?’ – वरून ही म्हणते, ‘इन्स्पेक्टर!’ – ते गिऱ्हाईक दोन डबे तिथेच टाकून गेलं, अजून आलेलं नाही.

ताई कशी सुचली? घड्याळजीची थोरली बहीण, त्याच्याकडे राहणारी, जेवण वाढता वाढता अर्धा गुन्हा उलगडणारी. आधी नुसती बडबडी होती. आठव्या पुस्तकापासून तिच्यात जीव आला. म्हणजे असं – आमचा हा जिना, बघा, बारा पायऱ्या. एकदा ही भाजीची पिशवी घेऊन चढत होती आणि नवव्या पायरीवर थांबली. भिंतीला हात लावला आणि म्हणाली, ‘अहो, हा जिना रोज एक पायरी वाढवतो का हो?’ काय वाक्य आहे! मी हातातल्या शेडकार्डाच्या पाठीवर लगेच उतरवून घेतलं. पिशवी? पिशवी तिनंच नेली वर. मी लिहीत होतो ना.

वाचकांना ते फार आवडलं. मग मी त्या भिंतीसारखी ताई उतरवायला घेतली. नवव्या पुस्तकात ताई सातव्या पायरीवर थांबते. अकराव्यात चौथ्या. डाव्या हातातून बशी निसटते, ती हसून म्हणते, बशीच जुनी झाली. सगळं बघून लिहिलेलं, एकही गोष्ट मनाची नाही. इथूनच, ह्या खुर्चीतून बघायचो. लोक म्हणायचे, काय निरीक्षण आहे!

एका बाईंचं पत्र आलं. नर्स होत्या कुठल्याशा इस्पितळात. लिहिलं होतं, तुमच्या ताईंचं हृदय तपासून घ्या, लवकर. मी ते वाचून इतका हसलो! वर जाऊन हिला वाचून दाखवलं. तीही हसली. म्हणाली, ‘न्या हो बिचारीला.’ मग थोड्या वेळानं, भांडी विसळता विसळता, पाठमोरीच – ‘ही ताई तुम्हाला कुठे सापडली हो?’ मी म्हटलं, अशीच. सुचली.

अशीच म्हटलं मी.

तिला कळलं होतं का? मला नाही माहीत. तिनं बाराव्या पुस्तकातलं ताईचं प्रत्येक वाक्य ओळखलं, तेराव्यातलंही. चौदावं छापखान्यात असताना ती पहिल्याच पायरीवर बसली, ती उठलीच नाही. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, असं दम लागणं कधीपासून? लोक गडबडतात हो अशा वेळी, आठवत नाही त्यांना. मी घडाघडा सांगितलं – अमुक महिन्यात नववी पायरी, अमुक महिन्यात सातवी, बशी केव्हा, डावा हात केव्हा. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले, माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, इतकं सगळं दिसत होतं तुम्हाला?

सगळे पुरावे माझ्या हातचे, मास्तर. ओळीनं लावलेले. घड्याळजीनं दहाव्या पानावर सांगितलं असतं.

नाही, पाणी नको. तो कागद द्या इकडे. प्रकाशकांची शर्त खोडतो, खाली माझी लिहितो, मग सही. पंधरावं पुस्तक, पहिलं प्रकरण – खून नंतर पडू द्या, प्रेताला कसली घाई? – पहिल्या प्रकरणात घड्याळजी दुकान बंद करतो. भर दुपारी, गिऱ्हाईक दारात असताना. भिंग काढून ठेवतो आणि ताईला डॉक्टरकडे नेतो. ती नको नको म्हणेल, चेष्टा करेल, तुम्हाला एखादं झकास वाक्य सुचेल तिच्या तोंडी – ते लिहीत बसायचं नाही. न्यायचं. रिक्षा आणायची, पिशवी त्यानं धरायची. आणि डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, ‘वेळेवर आणलंत.’ हे वाक्य माझं. ह्यातला शब्दही हलवायचा नाही. बाकी पुस्तक तुमचं.

ही घ्या सही. या आता, मास्तर. या. गिऱ्हाईक खोळंबलंय.