वीब्रनचं निळं

समारंभाचे अध्यक्ष माननीय हार्मेन पोस्तमा, आजचे सत्कारमूर्ती आणि आपले मावळते अध्यक्ष माननीय लुब्बर्ट वियार्डा, असल्या वाऱ्यात लेवार्डनहून इथवर आलेले पाहुणे, आणि द्राख्तन सागरजल मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो,

मंडळाची कार्यवाह म्हणून आज माझ्याकडे दोन कामं आहेत. लुब्बर्ट यांच्याबद्दल चार गोड शब्द बोलायचे आणि मग हे मानपत्र वाचून त्यांच्या हातात द्यायचं. गोड शब्द आधी घेते, म्हणजे ते उरकतील.

अठरा वर्षं लुब्बर्टनी हे मंडळ चालवलं. एकही सभा उशिरा सुरू झाली नाही. आपल्या सगळ्यांच्या समुद्री मासे-प्रवाळांच्या टाक्यांसाठी लागणाऱ्या मिठाच्या गोण्या त्यांनी स्वतःच्या गाडीतून आणल्या, बर्फातसुद्धा घरोघरी पोचवल्या. माझी गोणी तर ते तिसऱ्या मजल्यावर चढवून द्यायचे. याबद्दल त्यांचे मनापासून आभार. हे मी उपरोधाने म्हणत नाही, कृपया नोंद घ्यावी.

आता मानपत्र. याचा मसुदा हार्मेननी केला, तो काल माझ्या हाती आला. त्यात एक वाक्य असं आहे: ‘इतरत्र निष्काळजीपणामुळे नष्ट झालेलं “वियार्डा निळं” हे दुर्मीळ प्रवाळ लुब्बर्ट यांनी एकट्याने जपलं.’

हे वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वियार्डा निळं? हे बारसं कधी झालं? घुगऱ्या कुणी खाल्ल्या? मला तरी बोलावणं नव्हतं.

पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नसणार, म्हणून सांगते. हार्मेन, घड्याळ बघू नका. ओरान्येकूक काही पळून जात नाही, केकच आहे तो.

तिथे शेवटच्या रांगेत, कोटांच्या खुंट्यांपाशी जे बसलेत, ते वीब्रन. जन्मभर दुधाचा टँकर चालवला. एकदा त्यांनी कुणाची तरी जुनी टाकी दगडांसकट घेतली, आणि एका दगडाच्या कडेला त्यांना मसुरीएवढा जिवंत ठिपका दिसला. दुसऱ्या कुणी ब्रशने घासून टाकला असता. यांनी तो वाढवला. त्याला फांद्या फुटल्या, बुडाशी हिरव्या आणि टोकाला अशा निळ्या की बघणारा बोलायचा थांबे. आमच्यात त्याला ‘वीब्रनचं निळं’ म्हणत. वाढायला इतकं हळू, की कित्येक वर्षांत एकच तुकडा कापण्याजोगा झाला.

आणि आपल्या मंडळाची रीत काय आहे? जे सगळ्यांत लाडकं, त्याचा तुकडा आधी दुसऱ्याच्या घरी द्यायचा. आपल्या टाकीत काही वाईट झालं, तर त्याच्याकडून परत मिळतो. परत मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. ही रीत कुठे लिहिलेली नाही, कारण लिहावी लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

तो एकुलता एक तुकडा वीब्रननी दिला लुब्बर्टना. नुसता दिला नाही, त्यांच्या घरी जाऊन लावून दिला. मी तिथे होते. कवळ्या बनवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा कोण कसं चिकटवतो एवढं मला कळतं. यांनी पंप बंद केले. तुकड्याचं बूड कागदाने टिपलं, घट्ट गोंदाचा थेंब, त्यावर पुट्टीची गोळी, तिच्यावर पुन्हा गोंद. पाणी लागलं की गोंदावर साय धरते, म्हणून दगडावर दाबून जरासा पीळ द्यावा लागतो, मग आतला ओला गोंद दगडाला भिडतो. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून हा माणूस तस्साच उभा राहिला. लुब्बर्ट खुर्चीत बसून म्हणाले, “वीब्रन, बायकोचा हात तरी इतका वेळ धरला होतास का?” सगळे हसले. मीही हसले, विनोद बरा होता.

यंदा वसंतात वीब्रनच्या टाकीतला मोठा दगड मोडला. सभेत त्यांनी विचारलं, कशाने जोडू? आपले अध्यक्ष म्हणाले, “अरे, न्हाणीघराचं सिलिकॉन लाव. पाण्यासाठीच असतं ते. मी तेच वापरतो.”

न्हाणीघराच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारायचं औषध असतं, मंडळी. फरशीला ते चांगलं. प्रवाळाला ते विष. हे आम्हाला नंतर डब्यावरची बारीक अक्षरं वाचून कळलं, आणि लुब्बर्टनी ते कधीच वापरलेलं नाही. पण अध्यक्षाला ‘मला नक्की माहीत नाही’ असं म्हणवत नाही. वीब्रननी जोडलं, पुरतं वाळवलं, दगड परत ठेवला. दोन दिवसांत प्रवाळांचं मांस सालीसारखं सोलून पाण्यात तरंगायला लागलं. मी गेले तेव्हा ते मासे बादलीत काढत होते. एवढंच म्हणाले, “बाउक्ये, काहीच राहिलं नाही गं.”

मग त्यांनी टाकी धुतली, नवे दगड आणले, नवं पाणी केलं आणि लुब्बर्टकडे तुकडा मागितला. उत्तर काय मिळालं? “अरे, ते आता माझ्या दगडावर पसरलंय, माझ्या दगडाचंच झालंय. प्रदर्शन होऊ दे, आत्ता कापलं तर आकार बिघडेल.” प्रदर्शन झालं, बक्षीस मिळालं. मग म्हणाले, “फोटो होऊ देत.” फोटो झाले, आणि फोटोखाली नाव आलं वियार्डा निळं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फरक इतकाच, की नागोबा बिळाच्या मालकाला निष्काळजी म्हणत नाही.

आणि उद्या सकाळी लुब्बर्टनी विकलेली त्यांची टाकी दगडांसकट एका हॉटेलाच्या गाडीत चढणार आहे. हॉटेलवाल्याला आपली रीत कोण सांगणार? आज नाही, तर ते निळं वीब्रनच्या घरी कधीच परत येणार नाही.

मी परवा वीब्रनकडे गेले होते. टाकी भरलेली, पंप चालू, दिवे लावलेले. आत फक्त दगड. मी म्हटलं, हे कुणासाठी? तर म्हणाले, “लुब्बर्ट हो म्हणाला, तर पाणी तयार असावं.” महिनोन् महिने हा माणूस नुसत्या दगडांना उजेड देतोय, आणि इथे आपण त्याला निष्काळजी म्हणून छापतो. लाज वाटली पाहिजे आपल्याला.

हार्मेन, बसा. माझं संपत आलंय.

वीब्रन, जरा उभे राहा. आज सगळ्यांसमक्ष मागा. मोठ्याने. वीब्रन म्हणताहेत, ‘लुब्बर्ट, अंगठ्याएवढा तुकडा दे.’ ऐकलंत ना पुढच्यांनी?

लुब्बर्ट म्हणताहेत, ‘आत्ता? सत्कार चाललाय.’ हो, आत्ता. तुमचं घर कालव्याच्या पलीकडे आहे, या खिडकीतून दिसतंय. तुमच्यासाठी सत्कार थोडा वेळ थांबेल.

काय? ‘सिलिकॉनचं मी आपलं सहज बोललो होतो.’ मला ठाऊक आहे ते. सहजच बोललात. त्यानंतरचं ‘नाही’ मात्र तुम्ही विचार करून म्हणालात, आणि माझा राग त्यावर आहे.

किल्ली माझ्याकडे नको. वीब्रनना द्या. आणि तुम्हीही जा बरोबर, विजेरी धरायला.

जाऊ द्या त्यांना. वाट द्या.

तर मंडळी, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, समारंभाच्या अध्यक्षांनी मधेच मला खाली बसवलं नाही, पाहुण्यांची कॉफी माझ्यामुळे निवली, याबद्दल आभार आणि दिलगिरी दोन्ही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर ती चूक माझी समजावी, मंडळाची नव्हे. मानपत्र ते दोघं परत आले की वाचते. प्रवाळाचं नाव मी दुरुस्त केलंय. ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द मात्र खोडलेला नाही. कुणाच्या, तेवढं वर लिहिलंय.