पणजोबांचे चमचे

अरे, आमच्या ओमानमधल्या सोहारच्या प्लांटमध्ये शॉन नावाचा आयरिश इंजिनियर आहे. त्याचे पणजोबा चांदीचे कारागीर, आणि त्यांनी घडवलेल्या वस्तूंचा माग काढायचा याला भारी नाद.

परवा जेवायला आला. खीर संपवून, कारागिराचं नाव बघायच्या सवयीने वाटी उलटी केली, तर खाली नाव!

हरखून म्हणाला, "तुमचेही पूर्वज कारागीर?"

"छे!" बायको म्हणाली. "ती शेजारच्या सावंत वहिनींची वाटी, द्यायची राहिलीय. भांडं परत यावं म्हणून मालकाचं नाव घालतात."

"पणजोबा चमच्यांवर स्वतःचं घालायचे. बनवणाऱ्याचं."

"आणि चमचे आले परत?"

शॉन हसला. "एकही नाही. म्हणून तर शोधतोय!"

निघताना हिने त्याला लाडवांचा डबा दिला, आमचं नाव घातलेला. म्हणाली, "हा तरी परत आणा."