तीन पाती, पाच पाती

मी करावे गावची. माहेर करावे नि सासरपन करावेच, दोन गल्ल्या सोडून, म्हंजे लगीन होऊन मी कुठं गेलेच नाय. बा खाडीत जायाचा जाळं घेऊन. त्याच्या टायमाला दाढीला एकच पातं, ते बोथट झालं की काचेच्या गिलासात आतून घासायचा नि परत महिनाभर चालवायचा. आता सांगितलं तर लोक हसतात.

नवऱ्याची कंपनी बंद पडली तवा मी खारघरच्या मोठ्या दुकानात लागले, प्रमोटर म्हनून. म्हंजे एका कंपनीचं टी-शर्ट घालायचं, तिच्या मालासमोर उभं ऱ्हायचं नि गिराइकाला तोच घ्यायला लावायचा. आनि मला माल दिला काय, तर दाढीचे रेझर. बाईमानसाला. पयले आठ दिवस मी मान खाली घालून उभी. एक जन विचारतो, ताई, तुमी सोता वापरून बघितलाय काय. 

माझा रेझर तीन पात्यांचा. पयलं पातं केस ओढतं, दुसरं कापतं, तिसरं साफ करतं, असं पाठ करून घेतलेलं. समोरच्या रॅकला दुसऱ्या कंपनीची रेश्मा, तिच्याकडं पाच पाती. मी तीन म्हनले की ती पाच म्हनायची. मग माझ्या कंपनीनी पात्यांच्या वर बुळबुळीत पट्टी लावली, तर तिच्या रेझरची मुंडी हलायला लागली, मग माझीपन हलायला लागली. काय सांगू तुमाला, दाढी तीच, गाल तेच, नि दर सहा महिन्यांनी आमी नवीन काय तरी पाठ करायचं. दिवसभर भांडायचो नि दुपारी एका डब्यात जेवायचो, मी नि रेश्मा.

एकदा एक आजोबा आले. म्हनले, पोरी, मला साधी पाती पायजेत, ह्या जाड मुंडीत माझे केस अडकून बसतात. ती पाती आमच्याच कंपनीची, पन स्वस्तातली म्हनून खालच्या फळीवर मागं ढकललेली, कुनाला दाखवायची नाय असं सांगितलेलं. मी खाली बसले, हात घालून काढून दिली. नेमका आमच्या कंपनीचा सुपरवायझर मागं उभा. म्हनला, हे विकायला तुला ठेवलंय काय. मी म्हनले, साहेब, मानसाला पायजे ते दिलं. तर म्हनला, उद्यापासून येऊ नको.

दोन दिवस घरी रडत बसले. तिसऱ्या दिवशी रेश्माचा फोन. तिला सातवा लागलेला, सुट्टीवर चाललेली, तिनी तिच्या साहेबाला माझं नाव दिलेलं. झालं, मी परत त्याच दुकानात, फक्त समोरच्या रॅकला. आता तोंडानी पाच पाती म्हनायची. बँकेतला एक नेहमीचा गिराइक आला, म्हनला, ताई, गेल्या महिन्यात तर तुमीच म्हनलात, तीनच्या वर पाती झाली की कातडी सोलते. मी म्हनले, साहेब, तवा मी त्या बाजूला होते. तो हसला नि पाचवाला घेऊन गेला, पन मला त्या दिवशी जेवन गेलं नाय.

मग पोरांनी दाढ्या राखायला सुरुवात केली. जो तो दाढीवाला. ज्यांना करायची ते मोबाईलवर मागवायला लागले. दोन्ही रॅक गेले, कंपन्यांचं भांडन ऱ्हायलं तिथंच.

आता मी त्याच दुकानात दाढी वाढवायचं तेल विकते. हसू नका, खरं सांगते. रेश्मापन आली परत, ती केसांच्या रंगाला हाय. परवा एक पंचविशीचा मानूस आला, गालावर इथं चार केस नि तिथं चार, हळूच विचारतो, ताई, ह्यानी खरंच येते काय. मी म्हनले, नाय बाबा, देवानी दिली तेवढीच, पन चेहरा तुजा चांगला हाय, पैसे कशाला घालवतो. बाटली ठेवून गेला बिचारा. नवीन सुपरवायझरनी अजून बघितलं नाय. बघेल तवा बघेल. ज्याला ठेवायची त्यानी ठेवावी, ज्याला काढायची त्यानी काढावी, सगळे सुखी ऱ्हावा. मी आता नवीन काय पाठ करनार नाय.